पाण्याचं माहेरपण

मी आयुष्यभर लोकांच्या पाण्यात पाहत आलेय. एखाद्याला पाण्यात पाहणं म्हणजे काय ते मला कळतं, पण माझी नोकरीच तसली. कागदावर आरोग्यसेविका, लोकांच्या तोंडी नर्सबाई. बाळांना लसी टोचायच्या, गरोदर बायकांची वजनं घ्यायची, आणि मग घरोघर फिरून हौद, बॅरल, रांजण, कुंडीखालची ताटली, छपरावरचा टायर, जिथं म्हणून पाणी थांबतं तिथं वाकून बॅटरीचा उजेड टाकायचा. डेंग्यूचा डास गटारात वाढत नाही. तो घरातल्या स्वच्छ, निवांत पाण्यात वाढतो. लोकांना हे पटत नाही, आणि मला त्यांचा रागही येत नाही. आपण भरून, झाकून, जपून ठेवलेलं पाणी वाईट असेल हे कुणाला पटेल?

उजेड पडला की अळ्या दचकतात आणि अंगाला हेलकावे देत तळाकडं जातात. आपण जरा स्थिर राहिलो की एकेक करून पुन्हा वर येतात, डोकं खाली आणि शेपूट वर करून लोंबकळत राहतात. मी ते बघत तिथंच रमते. घरधनीण मागं उभी असते, तिला वाटतं बाई काहीतरी मोजतेय. मी काहीच मोजत नसते. मला त्या अळ्या सुंदर दिसतात. हे मी आजवर कुठल्याही डॉक्टरांना सांगितलेलं नाही.

माझं माहेर कुंडलच्या बाजूचं, उसाच्या शिवारातलं. शाळेतून येताना पाटात पाय सोडून बसायचं, उशीर करायचा आणि घरी जाऊन बोलणी खायची, हा माझा नेहमीचा कार्यक्रम. पुढं नर्सिंग शिकायला सांगलीला आले तेव्हाही सुट्टीच्या दिवशी मैत्रिणी बाजारपेठेत जायच्या आणि मी कृष्णेच्या घाटावर. वाहतं पाणी बघत बसलं की मला गुंगी येते. आईला वाटायचं, पोरीला पित्ताचा त्रास आहे. अशा बाईला पहिली कायमची नेमणूक मिळाली ती आटपाडी तालुक्यातल्या एका कोरड्या गावात. नशिबालाही थट्टामस्करीची सवय असावी.

तिथं नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, कधीकधी तेही नाही. आता त्या भागात कालवा आलाय, डाळिंबाच्या बागा हिरव्यागार दिसतात, पण पिण्याच्या पाण्याची तऱ्हा बरीचशी तशीच आहे. नळ आला की बायका हातातलं काम टाकून धावतात आणि दिसेल त्या भांड्यात पाणी भरून ठेवतात. मी तिथं राहायला गेले तेव्हा सुरुवातीला मला त्या धावपळीची गंमत वाटायची. मग माझ्याच खोलीतलं पाणी एकदा मध्येच संपलं आणि गंमत वाटायची बंद झाली.

दुपारी उपकेंद्राच्या बाकावर डोळा लागला की मला हमखास एकच स्वप्न पडायचं. कृष्णा त्या गावातून वाहतेय. एसटीच्या थांब्यावरून, शाळेच्या मैदानावरून, पिठाच्या गिरणीवरून संथ वाहत चाललीय, आणि बायका आपापल्या उंबऱ्यावर बसून हात बुडवून तांबे भरून घेताहेत. कुणीच धावत नाही. मी नदीतून चालतेय, हातात बॅटरी आहे, पण वाहत्या पाण्यात अळ्या होत नाहीत म्हणून मला काही काम नाही. जाग आली की तोंड कोरडं पडलेलं असायचं आणि बाहेर ऊन पांढरं झालेलं.

त्या वर्षी पावसाळ्याच्या मागोमाग गावात ताप सुरू झाला. आधी एक घर, मग त्याच्या मागचं घर, मग ती सगळी आळी. मला वरून सांगणं आलं की गावात कोरडा दिवस पाळायला लावा. आठवड्यातून एक दिवस घरातली सगळी भांडी रिकामी करायची, आतून घासायची, उन्हात वाळवायची आणि मग पुन्हा भरायची. अंड्यातून डास व्हायला आठवडाभर लागतो, त्याच्या आतच त्याचं घर मोडायचं. ही गोष्ट खरी आहे आणि मी ती कितीतरी गावांत सांगितली होती. म्हणून मी देवळासमोर बायका-पुरुष जमवले आणि मोठ्या उत्साहानं म्हणाले, "येत्या मंगळवारपासून आपल्याला कोरडा दिवस पाळायचाय."

मागं पारावर एक म्हातारे गृहस्थ तंबाखू मळत बसले होते. त्यांनी चिमूट तोंडात टाकली आणि शांतपणे म्हणाले, "आवं बाई, ते तर आमी जन्मल्यापासनं पाळतुया."

हशा पिकला. एका तरुणानं विचारलं, "ड्राय डे म्हंत्यात त्यो ह्योच का? दुकान बंद ऱ्हानार व्हय?" पुन्हा हशा. मीही हसले, पण माझे कान तापले होते. पाटाच्या पाण्यात पाय सोडून वाढलेली मी, आटपाडीच्या बायकांना पाणी ओतून द्या म्हणून सांगायला उभी राहिले होते, आणि वर त्या दिवसाला कोरडा म्हणत होते. त्या गावात कोरडा हा शब्द शिवीच्या खालोखालचा. कोरडं रान, कोरडी विहीर, कोरडं वर्ष. मंगळवारी मी फिरले तर एकाही घरात भांडं पालथं नव्हतं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, माझा तर घडाच कुणी पालथा करू देईना.

त्या आळीत सगळ्यात मोठा रांजण चाचींच्या घरी होता. चाची म्हणजे पिंजाऱ्यांच्या घरातल्या म्हाताऱ्या. नवरा असताना दोघं मिळून कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे. आता मुलगा मशीन घेऊन गावोगाव फिरायचा, कधी सांगलीकडं, कधी साताऱ्याकडं, आणि चार-चार दिवस घरी नसायचा. घरात चाची आणि सून. हवेत कायम कापसाची बारीक धूळ तरंगत असायची. दुपारची तिरीप दारातून आत आली की ती धूळ उजेडात इतक्या हळू फिरायची, की मी कशाला आले तेच विसरून जायचे.

सून सहाव्या महिन्यात होती. आधी दोनदा तिचं पोट पडलं होतं. म्हणून त्या घराकडं माझं जास्त लक्ष होतं. गरोदरपणात डेंग्यू झाला तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतं, हे मी चाचींना पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. चहा दिला. मग मी अंगणातल्या रांजणावरची फळी उचलली आणि बॅटरी मारली.

रांजण अर्धा जमिनीत पुरलेला होता, तोंड गुडघ्याच्या उंचीवर. आत काळंभोर, गार पाणी. आणि त्यात सगळीकडं ती हेलकावे देत खाली चाललेली मंडळी. कडेला छपराखाली सुनेची खाट, रांजणापासून हाताच्या अंतरावर.

"चाची, हा रिकामा करायला लागणार," मी म्हणाले.

"न्हाई व्हायचा."

"मी मदत करते की."

"मदतीचं न्हाई, बाई. ह्यो रांजन रिता करत न्हाईत आमी."

औषध टाकू का म्हटलं, तर म्हणाल्या, "दोन येळला रिकामी झालेली पोर हाय ती. तिच्या पोटात औषधाचं पानी घालू?" औषध बेताचं असतं, त्रास होत नाही, असं मी सांगितलं, पण माझ्या सांगण्यात जोर नव्हता, कारण त्यांच्या जागी मीही हेच म्हणाले असते. मग मी गप्पी मासे सोडायचं सुचवलं; ते अळ्या खातात. चाचींनी माझ्याकडं नीट बघितलं. "आन् हागत कुटं असत्यात?" सुनेनं ओढणी तोंडाशी धरली. हसण्यानं तिचं पोट हलत होतं. मी हात टेकले आणि निघाले.

त्यानंतर मी पुन्हा पुन्हा गेले. चाची कधी रागावल्या नाहीत, चहा दिल्याशिवाय कधी सोडलं नाही, आणि तसूभरही हलल्या नाहीत. मला राग यायचा. खोटं कशाला सांगू, घरी येऊन मी आदळआपट करायचे. अडाणीपणा, हट्टीपणा, काय काय मनात यायचं. आळी मला पाण्यात पाहत होती आणि मी आळीच्या पाण्यात पाहत होते, दोघांचंही समाधान होत नव्हतं. इकडं मागच्या घरातल्या मुलीला सलाईन लावायला सांगलीला नेलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर सारखी ती खाट आणि तो रांजण यायचा.

मग एका सकाळी चाचींनीच बोलावणं पाठवलं. सुनेला ताप होता.

मी रक्त घेतलं, तपासणीला पाठवलं. डॉक्टर येऊन बघून गेले. आत्ता लगेच हलवायची गरज नाही, पण अहवाल येईपर्यंत डोळ्यांत तेल घालून बसा, असं त्यांनी सांगितलं. सून खाटेवर कुशीला वळून पडली होती. तिच्या कपाळावर ओली घडी, खाली कापसाची नवी गादी, आणि शेजारी तो रांजण. मी फळी उचलली नाही. आत काय आहे ते मला माहीत होतं आणि चाचींनाही माहीत होतं.

मुलगा गावाला होता. त्याला फोन लागत नव्हता. आम्ही तिघीच. दुपार होती, बाहेर कावळासुद्धा बोलत नव्हता. चाची सुनेच्या पायथ्याशी बसून हातानं कापूस सोडवत होत्या, काम म्हणून नाही, हाताला काहीतरी हवं म्हणून. कापूस बोटांतून वर उडत होता आणि पुन्हा त्यांच्याच मांडीवर येत होता. मला वाटतं मी पेंगले असेन, कारण त्या कधी बोलायला लागल्या ते मला कळलं नाही. आवाज आधीपासूनच चालू असल्यासारखा होता.

"लय मोठा दुष्काळ हुता. ह्यो रांजन तवाचा. म्या खडी फोडायला जायची. माझी पोरगी तापानं फणफणलेली, ही एवडी, नुकती बोलाय लागलेली. तिला सासूजवळ ठिवली आन् पान्याला गेली. हिरीवर ही गर्दी. आली तवा दारातनंच आवाज आला. खर्र. खर्र. सासूचा डोळा लागलावता. पोरगी रांजनात वाकून वाटीनं तळ घासत हुती. तळाला काय न्हवतं."

त्यांची बोटं चालू होती.

"म्या आनलेलं पानी पाजलं तिला. प्याली. पर सांजच्याला गेली. तवापासनं त्यो आवाज ह्या घरात हुऊ दिला न्हाई. कमी झालं की भरती. कुनाकडनं उसनं आनती, पर तळाला वाटी लागू देत न्हाई."

अडाणीपणा म्हणाले होते ना मी, घरी येऊन, मोठ्यांदा. त्या बाईनं सगळं आयुष्य एक आवाज अडवून धरण्यात घालवलं होतं, आणि मी तिला अळ्यांचं गणित शिकवत होते. पण अळ्या तर होत्या. तेही खोटं नव्हतं. मला उठून तो रांजण जवळ घ्यावासाही वाटत होता आणि फोडून टाकावासाही वाटत होता.

तेवढ्यात खाटेवरून सून बोलली. आम्हाला वाटलं होतं ती झोपलीय.

"अम्मी," ती म्हणाली, "पानी सांडायचं न्हाई. माहेरी धाडायचं."

"काय म्हंतीस?"

"शेजारच्या काकूच्यात. ह्या रांजनातलं पानी एक दिस काकूच्या बॅरलात जाऊन ऱ्हाईल. हितं रांजन घासून वाळवायचा. सांच्याला पानी परत आनायचं. पानी काय कुटं जात न्हाई, माहेरपनाला जातंय. येतंय की परत."

तापात बोलत होती की शुद्धीवर, मला सांगता येणार नाही. तिचे डोळे मिटलेले होते. पण एक गोष्ट मला ठाऊक होती आणि चाचींनाही. त्या पोरीला आई नव्हती. पहिल्या बाळंतपणाला मुली माहेरी जातात. हिला जायला जागाच नव्हती. घरात तो विषय कुणी काढत नसे. चाचींच्या हातातला कापूस तसाच राहिला. मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि शेजारच्या काकूंना हाक मारायला गेल्या.

काकू विठ्ठलाच्या तसबिरीला हार घालत होत्या, तशाच आल्या. त्यांचं बॅरल आधीच रिकामं होतं, कारण त्यांचा नळ तुटलेला. त्यांना सगळं समजायला थोडा वेळ लागला, पण समजल्यावर त्यांनी कमरेला पदर खोचला. "पाहुनी किती दिस ऱ्हानार?" त्यांनी विचारलं. आजचाच दिवस, मी म्हणाले. "मंग घाई का? ऱ्हाऊ दे की चार दिस." चार दिवस नको, चार दिवसांत पाहुणीच्या अंगाखांद्यावर पोरं खेळतील, असं मी म्हटल्यावर त्या खळखळून हसल्या. त्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी हसत होतं.

आम्ही काकूंच्या बॅरलावर जुन्या सुती साडीची चौपदरी घडी बांधली. तांब्यानं पाणी काढायचं, कळशीत ओतायचं, कळशी दोन घरांमधल्या भिंतीवरून पलीकडं द्यायची, काकूंनी ती फडक्यातून बॅरलात गाळायची. अळ्या फडक्यावर राहत होत्या, त्या मी उन्हात तापलेल्या फरशीवर झटकत होते. त्या दिवशी मला त्या मुळीच सुंदर दिसल्या नाहीत. पाण्याची पातळी खाली खाली गेली. चाचींचा हात आत लांब लांब जायला लागला. मग एका क्षणी त्यांनी तांब्या बाहेर काढला आणि बाजूला ठेवला.

तळाला थोडं पाणी राहिलं होतं. आता तांब्या घातला असता तर तो आवाज झाला असता.

त्या घरात गेल्या आणि ओंजळभर कापूस घेऊन आल्या. पांढरा, स्वच्छ, नुकता पिंजलेला. रांजणात वाकून त्यांनी तो पाण्यावर ठेवला. कापूस हळूहळू खाली बसला, गडद झाला. त्यांनी उचलून कळशीत पिळला. पुन्हा ठेवला, पुन्हा पिळला. कसलाही आवाज झाला नाही. शेवटी रांजणाच्या तळाची लाल माती दिसली, ओली, चकचकीत. मग नारळाची शेंडी आणि राख घेऊन मी आतला काठ घासला, कारण डासाची अंडी पाण्याच्या रेषेजवळ भिंतीलाच चिकटलेली असतात आणि पाणी गेलं तरी ती जात नाहीत. हे मी घासता घासता सांगत होते. कुणी ऐकत होतं असं मला वाटत नाही.

मी बाजूला झाले, तशा चाची पुन्हा वाकल्या. मला वाटलं, नीट घासलंय का ते बघताहेत. त्यांनी तोंड रांजणाच्या आत नेलं आणि एक नाव घेतलं. लहान पोरीला जेवायला बोलवावं तसं, साधं, शेवटचं अक्षर लांबवून. भरल्या रांजणात हाक मरते. रिकामा रांजण बोलतो. ते नाव आत फिरलं, घुमलं आणि खोल, ओल्या आवाजात परत वर आलं.

चाची तशाच वाकून राहिल्या. काकूंनी भिंतीपलीकडून "काय झालं?" म्हणून विचारलं, मी नुसता हात हलवला. सून खाटेवर उठून बसली होती आणि सासूकडं बघत होती. जरा वेळानं चाची उभ्या राहिल्या, पदरानं तोंड पुसलं आणि मला म्हणाल्या, "वाळू दे आता. चा ठेवती."

संध्याकाळी पाणी माहेराहून परत आलं. चाचींनी रांजणाच्या तोंडाला फडकं बांधलं, डास आत जाणार नाही असं घट्ट. दोन दिवसांनी अहवाल आला. डेंग्यू नव्हता. साधाच ताप होता, तो आपल्या पायांनी आला तसा गेला. मी उपकेंद्राच्या मागं जाऊन मनसोक्त रडले आणि तोंड धुऊन लसीकरणाला बसले.

पुढच्या मंगळवारी काकूंचं बॅरल चाचींच्या रांजणाकडं माहेरपणाला आलं. त्याच्या पुढच्या वेळी मागच्या घरचा हौद दोघींकडं. बायकांनी आपापसात वार ठरवून घेतले, मला कुणी विचारलंसुद्धा नाही. "आज आमचं पानी माहेरी गेलंय" असं त्या एकमेकींना सांगायच्या, आणि पाणी परत पाठवताना कुणी कुणी कळशीत तुळशीचं पान टाकायच्या, लेकीची पाठवणी रिकाम्या हातानं करू नये म्हणून. पारावरचे ते म्हातारे गृहस्थ मला एकदा वाटेत भेटले. म्हणाले, "बाई, बायका लय खूश हायत. गड्यांच्या सासुरवाडीचंबी कायतरी काढा." वरिष्ठांनी मात्र मला झापलं. कोरडा दिवस हा शब्द का वापरत नाही, माहेरपण हे काय नवीन? मी म्हटलं, साहेब, तुम्ही एकदा आटपाडीत येऊन तो शब्द मोठ्यांदा म्हणून बघा. ते आले नाहीत. त्या आळीतला ताप हळूहळू ओसरला.

सुनेला आठवा महिना लागला आणि माझी बदली झाली, सांगली शहरात. नदीकाठी. ज्या नदीची मी स्वप्नं पाहिली तिच्या शेजारी मी राहायला गेले, आणि ते स्वप्न पडायचं बंद झालं. चाचींनी निघताना मला कापसाची उशी दिली. ती अजून माझ्या डोक्याखाली असते.

बाळंतपणाची बातमी फोनवर आली. फोन काकूंनी केला होता. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, आणि बाळंतीण दवाखान्यातून थेट काकूंच्या घरी उतरलीय. "पान्याला माहेर हाय, मंग तिला नको व्हय?" काकू म्हणाल्या. मी इतकी आनंदले की मुलीचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

मग सांगलीत पूर आला. कृष्णा खरोखर गल्ल्यांतून वाहिली, दुकानांतून, शाळांतून, आणि माझ्या स्वप्नातल्यासारखी मुळीच नव्हती. गढूळ, वासाची, जड. पाणी ओसरल्यावर आम्ही चिखल तुडवत घरोघर गेलो. तिथंही मला तेच सांगायचं होतं. मी एका बाईच्या दारात उभी राहून सवयीनं म्हणाले, कोरडा दिवस पाळायचा. तिच्या गाद्या दारात फुगून पडल्या होत्या, भिंतीवर कमरेच्या वर चिखलाची रेघ होती. ती म्हणाली, "कवा येनार हाय त्यो?" शब्द तोच. मी तिच्या ओल्या पायरीवर तशीच बसून राहिले.

यंदा हिवाळ्यात एका प्रशिक्षणाच्या निमित्तानं आटपाडीला जाणं झालं. दुपारचं सत्र मी सरळ बुडवलं आणि त्या गावाची एसटी धरली. मध्ये बरीच वर्षं गेलीत. आळीत आता दोन-तीन घरं स्लॅबची झालीत, चाचींचं अंगण मात्र तेच. चाची पार वाकल्यात. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं, डोळ्यांनी नाही. "आमची नर्सबाई," त्या म्हणाल्या आणि माझा हात बराच वेळ धरून ठेवला.

अंगणात रांजण उघडा होता. घासलेला, आतून वाळत आलेला. फळी भिंतीला टेकवलेली.

"आज माहेरपण का?" मी विचारलं.

"व्हय. पानी काकूच्यात हाय. सांच्याला येतंय."

आम्ही तिथंच बसलो, रांजणाच्या कडेला. ऊन कोवळं होतं. उघड्या दारातून कापसाची धूळ येत होती आणि आमच्या मधून तरंगत चालली होती. मला तीच जुनी गुंगी यायला लागली, नदीकाठी यायची ती. मग चाची सवयीनं हात टेकून रांजणावर वाकल्या. पुढं काय होणार ते मला माहीत होतं, म्हणून मी दुसरीकडं बघायला लागले. त्यांनी ते नाव घेतलं, तसंच, शेवटचं अक्षर लांबवून. रांजणात ते फिरलं, घुमलं.

ते पुरतं विरायच्या आत भिंतीपलीकडून, काकूंच्या अंगणातून, एक लहान, खणखणीत आवाज आला.

"ओ दादी! आले की!"

आणि पाठोपाठ धावत येणारी पावलं.